श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापू का? आणि छापला तर त्यावर काय असावं?

फ्लेक्सवाला_शिवाजीपेठ

नमस्कार मंडळी.

माझं शिवाजी पेठेत डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली. त्याआधी याच जागेत वडील ब्रशनं बोर्ड रंगवायचे. वाढदिवस, निवडी, फुटबॉल टीमचं अभिनंदन, गणपती आणि श्रद्धांजली, ही माझी बाराही महिन्यांची कामं. कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस आहे आणि कोण गेलं, हे माणूस पेपर उघडायच्या आधी चौकात मान वर करून वाचतो. त्यामुळं आपण जे छापतो त्याची जबाबदारी पेपरवाल्यांइतकीच आपलीपण आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय. त्यातूनच हा प्रश्न आलाय. लांबलाय, पण पूर्ण वाचा.

परवा रात्री साडेदहाला शटर निम्मं ओढून मशीन पुसत होतो, तेव्हा चार पोरं वाकून आत आली. अठरा ते वीस वयाची. त्यांच्यातला एक त्या दिवशी सकाळी गेला. त्यानं आपली जीवनयात्रा संपवली. कुठं, कसं ते मी इथं लिहिणार नाही. एकोणीस वर्षांचा होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तालमीच्या फुटबॉल टीममध्ये राखीव गोलकीपर. गणपतीच्या सीझनला माझ्याकडं फ्लेक्सच्या कडेला रिंगा मारायला यायचा. काम झालं की हातोडी होती तिथं परत ठेवणारा तेवढाच एक पोरगा मी बघितलाय.

पोरांना पंधरा बाय दहाचा एक फ्लेक्स चौकात लावायचा होता, आणि आठ बाय सहाचे तीन गल्लीच्या तोंडांना. फोटो गॉगल लावून बुलेटवर बसलेला. मागं ढग, वरून सोनेरी उजेड, पाठीला पंख. मॅटर मोबाइलमध्ये लिहून आणलेलं: ‘राजा, तू जिंकलास, आम्ही हरलो.’ आणि खाली, ‘या जगाला तुझी किंमत कळली नाही.’

मी कोरेलमध्ये फोटो घेतला, कटिंग केलं, ढग लावले. चौघं माझ्या पाठीमागं उभी राहून स्क्रीनकडं बघत होती. त्यातला सगळ्यात बारका हळूच म्हणाला, ‘लई भारी दिसतोय. एवढा मोठा आजपर्यंत कुणाचाच लागला नव्हता.’

माझ्या पोटात गोळा आला. तो नुसतं कौतुक करत नव्हता. त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मी माऊस सोडला. मशीनचं हेड बिघडलंय, दोन-तीन दिवस लागतील, असं खोटं सांगून त्यांना पाठवलं.

घाबरायचं कारण सांगतो. सहा वर्षांपूर्वी असाच एक मोठा फ्लेक्स मी छापला होता. सव्वा महिन्यानं त्याच पोराच्या मित्राचा छापला. एकामुळं दुसरं झालं असं मी म्हणत नाही, मला कळत नाही त्यातलं. पण दोन्ही फाइली अजून माझ्या कम्प्युटरमध्ये एकाच फोल्डरमध्ये आहेत, आणि दुसऱ्या फाइलमध्ये ढग मी पहिल्या फाइलमधूनच कॉपी केले होते. हे कुणाला कधी बोललो नव्हतो.

अजून एक. त्याच दुपारी इथल्या एका पोर्टलचा माणूस घरासमोर मोबाइल घेऊन लाइव्ह करत होता. आईचा हंबरडा तसाच गेला त्यात. व्हिडिओवर मोठ्या लाल अक्षरात, ‘आई रागावल्याच्या रागातून’. ती माउली आता जन्मभर ते वाचणार. पेठेतल्या प्रत्येकाच्या स्टेटसला तो व्हिडिओ आहे.

पोरं उद्या सकाळी परत येणार. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातील, तिथं तासाभरात छापून मिळेल. धंद्याचा प्रश्न नाही, पैसे मी या कामाचे घेतही नाही. मला एवढंच सांगा: छापू का? छापला तर काय लिहू? आणि त्या बारक्याशी कुणी बोलायचं, काय बोलायचं? इथं पत्रकार आहेत, डॉक्टर आहेत असं ऐकून आहे.

रंकाळ्याकाठचा

दादा, छापा. माझं मत स्पष्ट आहे.

पंधरा वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ असाच गेला. घरच्यांनी हार्टअटॅक सांगितलं. फ्लेक्स नाही, पेपरला फोटो नाही, दिवसकार्याला सात माणसं. काकू अजून त्याचं नाव निघालं की उठून आत जाते. आपल्याकडं पैलवान गेला तर चौक भरतो, नगरसेवकाचा सासरा गेला तरी चौक भरतो, आणि या पोराला चोरासारखं घालवायचं? त्या आईला वाटेल की पोरानं पाप केलं म्हणून पेठेनं तोंड फिरवलं. त्या चार पोरांकडं दुसरं काय आहे द्यायला?

पोर्टलवाल्याचं मात्र खरं आहे. त्याला जाब विचारायलाच पाहिजे.

डेस्कवरचा_जुना_माणूस

फ्लेक्सवाले दादा, आधी एक गोष्ट. तुम्ही माऊस सोडलात तो योग्य वेळी सोडलात. पेपरच्या डेस्कवर बावीस वर्षं काढूनही मला तो अनेकदा सोडता आला नाही.

आमच्याकडं बातमी कशी होते ते सांगतो, म्हणजे पोर्टलवरचं ‘कारण’ कुठून येतं ते कळेल. संध्याकाळी बातमीदार फोन फिरवतो. अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असते. नाव, वय, पत्ता, आणि एका ओळीचं कारण. ते कारण कुणी सांगितलेलं असतं? घाबरलेल्या चुलत्यानं, शेजाऱ्यानं, जो त्या क्षणी पोलिसांसमोर उभा असतो त्यानं. साडेनऊला पान सोडायचं असतं. मग त्या ओळीचा मथळा होतो. मी स्वतः एकदा ‘मोबाइल न दिल्याने’ असा मथळा दिलाय. आठवड्यानं त्या मुलाचे वडील ऑफिसला आले. भांडले नाहीत. खुर्चीवर बसून एवढंच म्हणाले, ‘साहेब, मोबाइल दिवाळीला घेणार होतो, त्याला माहीत होतं. वर्षभर झोपत नव्हता तो.’ ते वर्ष माझ्या चार कॉलमांत कुठंच नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल घ्या. देशात असे १,७०,९२४ मृत्यू, त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे एकट्या राज्यात रोज साठच्या वर. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक प्रश्न जवळपास ३२ टक्के, आजारपण १८ टक्क्यांच्या पुढं. पण हाही रकानाच आहे, एका माणसाला एकच. खऱ्या आयुष्यात झोप गेलेली असते, कर्ज असतं, दारू असते, न सांगितलेलं दुखणं असतं, आणि वरून शेवटचं भांडण. बातमी शेवटचं भांडण तेवढं उचलते. वाचणाऱ्या दुसऱ्या मुलाला त्यातून काय कळतं? की आई रागावली तर हा एक रस्ता आहे.

आता शब्द. तुम्ही नकळत ‘जीवनयात्रा संपवली’ लिहिलंत. ही आमचीच देणगी. यात्रा हा आपल्याकडं पुण्याचा शब्द आहे, जोतिबाची यात्रा असते. ती संपवली म्हटलं की काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतं. ‘मृत्यूला कवटाळले’ म्हटलं की मृत्यू आईसारखा होतो. ‘क्षुल्लक कारणावरून’ लिहिलं की गेलेला मूर्ख ठरतो. आणि मूळ शब्दातच हत्या आहे, म्हणून आपण ‘केली’ म्हणतो, जसा गुन्हा केला म्हणतात. मी आता ‘आत्महत्येने मृत्यू’ असं लिहितो. कानाला खटकतं, पण खटकून खटकूनच शब्द रुळतात. कायदाही बदललाय की. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं सरकारचं काम.

नियम आहेत का? आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांसाठी २००० साली पुस्तिका काढली, ती २०२३ मध्ये पुन्हा सुधारून आली. तिच्या आधारानं आपल्या प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्ये सूचना दिल्या: बातमी ठळक जागी नको, पुन्हा पुन्हा नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, सनसनाटी मथळा नको, फोटो-व्हिडिओ नको, आणि तो काही प्रश्नावरचा उपाय आहे असं वाटेल अशी भाषा नको. प्रेस कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता. पण जून २०२० मध्ये एका हिंदी अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे महिनोन् महिने चालवलं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ ला सांगितलं की या सूचना वाहिन्यांनीही पाळायच्या. घरासमोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोर्टलवाल्यापर्यंत हे कुणी पोचवलं नाही. त्याला बसवून दाखवायला हवं. रागानं नको, तो काल-परवापर्यंत आमच्याकडंच शिकाऊ असेल.

यानं खरंच फरक पडतो का, असं मलाही वाटायचं. व्हिएन्ना शहरात १९८० च्या दशकात भुयारी रेल्वेत असे मृत्यू वाढत गेले आणि तिथले पेपर ते रंगवून छापत गेले. १९८७ साली तिथल्या तज्ज्ञांनी पेपरवाल्यांना लेखी सूचना दिल्या आणि पेपरांनी त्या पाळल्या. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीपेक्षा दुसऱ्या सहामाहीत अशा घटना ८० टक्क्यांच्या आसपास घटल्या. रेल्वे तीच होती. बदलला होता तो पेपर.

तुमचा पंधरा बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे आमचं पहिलं पान आहे. बाकी तुम्हीच ठरवा.

शिरोळचा_ऊसवाला

वरच्या साहेबांना विचारतो. ठळक नको, फोटो नको, मग शेतकऱ्यांचं काय? विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या ठळक छापल्या नसत्या तर कर्जमाफीचं नाव तरी कुणी काढलं असतं का? दाबून टाकायला सरकारला बरंच आहे हे.

डेस्कवरचा_जुना_माणूस

रास्त प्रश्न. छापू नका असं कुणीच म्हणत नाही. कर्ज, पाणी, भाव, सावकार यांच्यावर पानंच्या पानं लिहा, आकडे ठळक द्या, मंत्र्यांचा फोटो लावा. ज्या घरात माणूस गेला तिथं आज कोण राबतंय ते लिहा. एका माणसाच्या शेवटच्या तासाचं वर्णन आणि त्याच्या चिठ्ठीचा फोटो, एवढंच गाळा. त्यानं शेतकऱ्याची बाजू जराही कमी होत नाही.

हुपरीची_लेक

मी इथं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी अशा एका बातमीतली मुलगी आहे. वीस वर्षांची होते. माझं नाव दिलं नव्हतं, पण गाव, कॉलेज, वय आणि वडिलांचा धंदा दिला होता, मग राहिलं काय? बातमीत होतं, प्रयत्न फसला. दवाखान्यातून घरी आल्यावर कुणीतरी पेपर दाखवला. फसला म्हणजे मला हेही जमलं नाही, असं मला वाटलं. ते वाक्य मी किती दिवस मनात धरून होते ते सांगत नाही.

मला माझ्या आत्यानं सावरलं. ती जयसिंगपूरहून आली आणि माझ्या खोलीत वळकटी टाकून पंधरा दिवस राहिली. कारण विचारलं नाही, देवाधर्माचं सांगितलं नाही, ‘आईबापाचा विचार केलास का’ म्हणाली नाही. हे शेवटचं मला सगळ्यांनी विचारलं होतं. तिनं एके रात्री अंधारातच विचारलं, ‘अजून वाटतंय का गं तसं?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘बरं. मला सांगितलंस ते बरं केलंस. मी जागी आहे.’ सकाळी उठून मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. औषधं दीड वर्ष चालली. दोनदा परत तसं वाटलं, दोन्ही वेळा मी तिला फोन केला.

आज मी चौतीसची आहे. इथं हुपरीत पैंजणांच्या कामाला जाते, मुलगी दुसरीत आहे. माझ्यासारखं परत आलेल्या माणसाचं पेपरात कुणी लिहीत नाही. त्या काळात मला एकच गोष्ट वाचायची होती, की असं वाटलेलं असूनसुद्धा माणसं पुढं जगली, आणि कशी जगली. गावात मला वाटायचं मी एकटीच आहे.

दादा, ‘तू जिंकलास’ हे नका लिहू. तुमच्या हाता-पाया पडते. मी ते वाचलं असतं तर मला त्या वेळी खरं वाटलं असतं.

फ्लेक्सवाला_शिवाजीपेठ

ताई, तुमचं वाचून दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. ती ओळ जाणार नाही, शब्द देतो. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दोन फाइलींतही काय लिहिलं होतं ते आज उघडून बघितलं. पहिल्यात होतं, ‘सुटलास मित्रा.’ मीच सुचवलं होतं.

रंकाळ्याकाठचे भाऊ, तुमचं म्हणणंही मनातून जात नाही. मोठा लावला तर एक भीती, नाही लावला तर आईला ती शिक्षा. आणि बारक्याला थेट विचारायचं म्हणजे कसं? त्याच्या डोक्यात नसेल आणि माझ्या विचारण्यानं आलं तर?

समुपदेशक_राजारामपुरी

मी मनोसामाजिक कार्यकर्ती आहे, किशोरवयीन आणि तरुण मुलांबरोबर काम करते. तुमची वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते.

फ्लेक्स: याच वयाचा मुलगा तापानं किंवा अपघातानं गेला असता तर पेठेनं जेवढं केलं असतं तेवढंच करा. त्याहून मोठं नको आणि त्याहून कमीही नको. मोठं केलं की आजूबाजूच्या दुखावलेल्या मुलांना दिसतं, जिवंतपणी कुणी विचारलं नाही आणि आता सगळा चौक माझाच. काहीच केलं नाही की लाज शिल्लक राहते, आणि ज्याच्या मनात तसं चाललंय तो अजूनच तोंड मिटतो. साधा फोटो, नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, शोकाकुल म्हणून तालमीचं नाव. पंख, उजेड, ढग नकोत. तीन दिवसांनी उतरवा, आणि उतरवायची तारीख लावतानाच पोरांना सांगून ठेवा, नाहीतर उतरवताना तोच त्यांना अपमान वाटतो. फोटो आईवडिलांना विचारूनच.

पोरांच्या हाताला काम द्या. ती फ्लेक्स मागतात, कारण त्यांना काहीतरी करायचं आहे. तालमीत त्यांना एकत्र बसवा. त्याच्याबद्दल बोलू द्या, त्याच्या चांगल्या आणि त्रासदायक, दोन्ही आठवणी येऊ द्या. तो देव नव्हता, त्यांचा मित्र होता. ‘आम्ही ओळखायला हवं होतं’ हे प्रत्येक जण म्हणेल. त्याच्याशी शेवटचं कोण बोललं, कुणाचं भांडण झालं होतं, कुणी मेसेज बघून उत्तर दिलं नव्हतं, ती मुलं सगळ्यात जास्त आतून पोखरलेली असतात. एखाद्याचा असा मृत्यू जवळून बघितलेल्या तरुणांना पुढचे काही महिने जास्त धोका असतो. तुमच्या पोटात गोळा आला तो उगाच नव्हता.

बारक्याचं. विचारल्यानं ही गोष्ट डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं होतं. फक्त विचारायची पद्धत बघा. आपण सगळे विचारतो, ‘असलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ त्या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आपणच घालून दिलेलं असतं. ताईंच्या आत्याबाईंनी विचारलं तसं विचारा. एकटं गाठा, हातात काहीतरी काम असताना. ‘तुला मरून जावंसं वाटतंय का?’ इतकं साधं. हो म्हणाला तर घाबरून भाषण करू नका. ऐका. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच्या घरातला ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एक माणूस बोलावून घ्या.

मदत: टेलिमानस, १४४१६. सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ज्याला स्वतःला त्रास होतोय तो करू शकतो, आणि त्याच्यासाठी काळजीत पडलेले तुम्हीही करू शकता. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. जिवाला लगेच धोका वाटला तर वाट बघायची नाही, ११२ किंवा १०८ ला फोन, नाहीतर सरळ अपघात विभागात.

हुपरीच्या ताई, तुम्ही जे मागितलंत त्याला संशोधनाचा आधार आहे. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतले लेख तपासले, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मरणाचे विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दल लेख आले, त्यानंतर मृत्यू कमी झाल्याचं त्यांना दिसलं. मोझार्टच्या एका संगीत नाटकात पापागेनो नावाचं पात्र आहे. तो हताश होतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला दुसरा मार्ग आठवून देतात. त्याच्यावरून त्यांनी याला पापागेनो परिणाम म्हटलं. तुमची वरची वीस-बावीस वाक्यं नेमकं तेच काम करतात. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

रंकाळ्याकाठचा

मॅडम, ‘मोठं नको आणि कमीही नको’ हे पटलं. मी माझ्या चुलतभावाचं चुकीच्या बाजूनं धरून बसलो होतो. त्याचा फोटो काकूच्या घरात कुठंच लावलेला नाही. रविवारी जातो तिच्याकडं, आणि त्याचं नाव मीच पहिल्यांदा काढतो.

फ्लेक्सवाला_शिवाजीपेठ

सहा दिवसांनी लिहितोय. काय झालं ते सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं यायच्या आधी मी गेलेल्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. फोटोचं विचारलं. त्यांनी बुलेटचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘ही गाडी आपली नव्हे. कुणाची तरी घेऊन काढलाय.’ मग आतून एक फोटो आणला. गोलकीपरचे हातमोजे घातलेत, जर्सी मोठी झालीय, हसताना डोळे बारीक झालेत. हा लावा म्हणाल्या. व्हिडिओचं मी काही काढलं नाही, त्यांनीच काढलं. ‘मी रागावले होते, भाऊजी. पण मी रोजच रागावायचे की.’ मला उत्तर सुचलं नाही. जुन्या पेपरवाल्या साहेबांनी लिहिलेलं, एकच कारण कधीच नसतं, ते मी माझ्या शब्दांत सांगितलं. कितपत पोचलं ठाऊक नाही. त्यांची बहीण राहायला आलीय, तिला १४४१६ नंबर लिहून दिला, कारण वहिनींनाही लागेल.

पोरांना सगळं सांगितलं. हेड बिघडलं नव्हतं हेही सांगितलं. एक जण चिडला, म्हणाला, ‘तुम्हाला काय पडलंय, तुमचा कोण लागत होता?’ मी कपाटातली हातोडी काढून त्याच्या हातात दिली. तो रडायला लागला. शेवटी चार बाय तीनचा एकच फ्लेक्स केला. पांढरा बॅकग्राउंड, वहिनींनी दिलेला फोटो, नाव, दोन तारखा, तालमीचं नाव. तालमीच्या दारातच लावला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघांनी मिळून उतरवला आणि घडी घालून वहिनींकडं दिला. हेल्पलाइनचा नंबर त्यावर घालायचा माझा विचार होता, पण वहिनी नको म्हणाल्या. मग वेगळा कागद छापला आणि तालमीच्या बोर्डवर मॅचच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला. रोज सगळ्यांची नजर जाते अशी तीच एक जागा आहे.

पोर्टलवाल्याकडं मी आणि तालमीचे अध्यक्ष गेलो. चोवीस-पंचवीसचा पोरगा. सुरुवातीला म्हणाला, ‘सगळेच करतात.’ प्रेस कौन्सिलच्या सूचना मी मोठ्या अक्षरात छापून नेल्या होत्या, त्या वाचल्या. व्हिडिओ डिलीट केला. लोकांच्या स्टेटसला गेलेला काही परत येत नाही. त्याला हुपरीच्या ताईंची गोष्टही दाखवली, तेव्हा विचारात पडला, म्हणाला असं कुणी बोलायला तयार असेल तर चेहरा न दाखवता करीन. ताई, तुमच्यावर अजिबात दबाव नाही.

बारक्याचं त्याला विचारूनच लिहितोय. काल रात्री तो रिंगा मारायला आला, मीच बोलावलं होतं. लग्नाचं काम होतं. साठ-सत्तर रिंगा झाल्यावर मी विचारलं, मॅडमनी सांगितलं तसंच, शब्द न बदलता. त्याचा हात थांबला. बराच वेळ तो फ्लेक्सच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘त्यानं रात्री दीडला मला हाय टाकला होता. मी झोपलो नव्हतो, दादा. गेम खेळत होतो.’ आणि मग हो म्हणाला.

आम्ही तिथंच, मशीन बंद करून, स्पीकरवर १४४१६ लावला. पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. मी उठून बाहेर पायरीवर गेलो, पण शटर उघडंच ठेवलं. पाऊण तास बोलला तो. त्याची थोरली बहीण उद्यमनगरात कामाला आहे, ती रिक्षानं आली आणि रात्री त्याच्याच खोलीत झोपली.

आज अकराला सीपीआरची ओपीडी आहे. तिघं जातोय. दुकान धाकटा भाऊ उघडेल.